स्क्रॅच गायला निघालीस ना? मग हे वाच

अगं, स्क्रॅच म्हणजे पक्क्या रेकॉर्डिंगआधी नमुन्यादाखल गायलेलं कच्चं गाणं. संगीतकार ‘स्क्रॅच गाऊन जा, पैशांचं नंतर बघू’ असं म्हणाले की तिथल्या तिथे आकडा विचार. माझी दोन गाणी अशीच गेली. बाजारात आली तेव्हा आवाज दुसरीचा! मानधन, श्रेयनामावलीत नाव, स्क्रॅचचाच आवाज ठेवला तर काय, सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घे. २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीपासून गायकांनाही रॉयल्टीचा हक्क आहे. गायक-वादकांच्या हक्कांसाठीची संस्था ‘इसामरा’ (आधीची ‘इस्रा’), तिचं सभासदत्व घेऊन टाक.

द्वंद्वगीतात पट्टी हमखास पुरुष गायकाच्या सोयीची लावतात. आपण वर ताणत बसायचं, वर ऐकायचं काय, तर ‘हिचा आवाज चिरका’! काळी चार (पेटीवरची चौथी काळी पट्टी) हवी असेल तर आदल्या दिवशीच सांग. आणि रात्री अकराचं रेकॉर्डिंग असेल तर घरी जायची गाडी मानधनातून नाही, वेगळी मागायची.