गुडघ्याच्या वाटीखालचा उंचवटा आणि वजनाच्या बैठका

प्रश्न : माझा १३ वर्षांचा मुलगा शाळेच्या खो-खो संघात आहे. दोन महिन्यांपासून त्याच्या उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखते आणि तिथे हाड वर आल्यासारखे दिसते. डॉक्टरांनी ‘ऑसगुड-श्लाटर’ (वाढीच्या वयात होणारे वाटीखालचे दुखणे) असे निदान केले आहे. प्रशिक्षक पाय बळकट करण्यासाठी वजन घेऊन बैठका मारायला सांगतात, तर वजनाने उंची खुंटते असे आजोबांचे म्हणणे आहे. कोणाचे ऐकावे?
– एक पालक, सांगली

उत्तर : या वयात मांडीचे व नडगीचे हाड झपाट्याने वाढते आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंवर ताण येतो. हे स्नायू वाटीखालच्या कंडरेने नडगीच्या ज्या भागाला जोडलेले असतात, तो भाग अजून पक्के हाड झालेला नसून कूर्चेचा असतो. चौकोनात बसलेला खेळाडू ‘खो’ मिळताच झेपावतो, सूर मारतो, खांबाला वळसा घालतो, तेव्हा प्रत्येक वेळी नेमकी तीच जागा ओढली जाते. वाढ पूर्ण होताना हा त्रास सहसा आपोआप थांबतो. उंचवटा मात्र राहू शकतो. तो चोळून बसवण्याचा प्रयत्न कृपया करू नये.

आजोबांची भीती मनापासूनची असली, तरी जाणकाराच्या देखरेखीखाली, योग्य पद्धतीने केलेल्या वजनाच्या व्यायामाने उंची खुंटते याला आधार नाही. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घातले जाणारे जोरही शरीराच्या वजनाने केलेले बलवर्धनच आहेत. प्रशिक्षकांचा हेतू बरोबर आहे, वेळ चुकली आहे. दुखऱ्या गुडघ्याने वजनासह खोल बैठक मारली, तर आधीच चिडलेल्या जागेवरचा ओढा आणखी वाढतो.

खेळ पूर्ण बंद करण्याची गरज बहुधा पडत नाही. काही आठवडे उड्या, सूर आणि खोल बैठका कमी कराव्यात. पाय सरळ ठेवून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घ्यावी, ती खाली दाबत १० सेकंद मांडी आवळावी आणि असे १० वेळा करावे. त्यानंतर भिंतीला पाठ टेकून अर्धवट बसणे, टाचा उचलणे आणि खुर्चीपर्यंतची बैठक, या क्रमाने पुढे जावे. आठवड्यातून २-३ दिवस, मध्ये एक दिवस सोडून, एवढे पुरे. शुद्ध पद्धतीने १५ आवर्तने जमू लागली की मगच थोडे वजन घ्यावे. सरावात किंचित दुखले आणि दुसऱ्या सकाळपर्यंत शमले, तर चालेल. सकाळीही दुखत असेल, तर आदल्या दिवशीचे काम जास्त झाले असे समजावे. सरावानंतर कापडात गुंडाळलेला बर्फ १०-१५ मिनिटे लावावा. वेदनाशामक गोळी देऊन मुलाला सामन्यात उतरवू नये, मग तो अंतिम सामना का असेना.

मुलगा लंगडू लागला, रात्री दुखण्याने जागा झाला, संपूर्ण गुडघा सुजला किंवा ताप आला, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. जांघेत किंवा खुब्यात दुखत असेल, तर खुब्याचीही तपासणी करून घ्या, कारण या वयात खुब्याच्या काही विकारांची वेदना गुडघ्यातच जाणवते.