आधी शेण मोज

अनेक आशीर्वाद.

तेलावरचं अवलंबन तोडायला तू केलेली खरेदीची यादी वाचली. पॅनेल, बॅटऱ्या, पवनचक्की, विजेवरचा ट्रॅक्टर. यातलं काही घेण्याआधी वहीच्या एका पानावर घरात आणि शेतात खनिज तेल आणि वायू कुठून शिरतो ते लिहून काढ: सिलिंडर, पंपाचं डिझेल, नांगरटीचं डिझेल आणि युरियाची गोणी. युरिया आपल्याकडे मुख्यतः नैसर्गिक वायूपासून बनतो आणि त्या वायूचा मोठा वाटा जहाजाने येतो. कच्चं तेल आपण 85 टक्क्यांहून अधिक बाहेरून आणतो, स्वयंपाकाचा गॅस साधारण 60 टक्के. या चार नोंदींपैकी सिलिंडर आणि युरियाचा काही भाग एकाच खड्ड्यातून सुटतो, म्हणून गोबरगॅस आधी.

सात दिवस गोठ्यातलं शेण वजनकाट्यावर मोज. अंदाज चालणार नाही. बांधलेली गाय दिवसाला 10-12 किलो देते, म्हैस 15 पर्यंत. चरायला जाणाऱ्या जनावराचं निम्मं शेण रानातच राहतं. एक किलो ताज्या शेणापासून साधारण 40 लिटर वायू मिळतो. म्हणजे 2 घनमीटरच्या संयंत्राला रोज 50 किलो शेण आणि तितकंच पाणी हवं. त्यातून सुमारे 0.9 किलो एलपीजीइतकी आच मिळते, पाच-सहा माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक होतो. दोन जनावरांवर मोठी टाकी बांधून घेणं हीच सगळ्यात नेहमीची चूक. टाकी उपाशी राहते, वर्षभरात बंद पडते, आणि दोष मात्र गोबरगॅसला लागतो.

विटांच्या घुमटाचं ‘दीनबंधू’ संयंत्र 1984 पासून वापरात आहे. त्यात हलणारा, गंजणारा लोखंडी भाग नाही. सगळी भिस्त गवंड्यावर. घुमटाला आतून केसाएवढी भेग राहिली तरी वायू निसटतो, म्हणून आतला गिलावा थरांत करून घे आणि भरण्याआधी गळती तपासून घे. गवंडी शोधायचा तर सिंधुदुर्गात जा. झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानाने तिथे हे काम घरोघरी नेलं आहे. जागा उन्हातली, स्वयंपाकघराजवळची, विहिरीपासून किमान 15 मीटर लांब.

आपल्या हवेत शेणकाला (शेण-पाण्याचं मिश्रण) आत साधारण 40 दिवस राहावा लागतो. म्हणजे पहिल्या भरणीलाच जवळजवळ 4,000 लिटर काला, त्यात दोन टन शेण. ते आधी जमवून ठेव. चालू संयंत्रातली दोन-चार पिंपं मळी (वायू निघून उरलेला काला) विरजण म्हणून मिळाली तर उत्तम. सुरुवातीचा वायू पेटत नाही, त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. तो मोकळ्यावर सोडून दे, आणि टाकीच्या तोंडाशी काडी ओढून कधीही पाहू नकोस. हवेत 5 ते 15 टक्के मिथेन मिसळला की ठिणगीनेही स्फोट होतो. ज्योत फक्त शेगडीवर तपासायची.

शेगडी गोबरगॅसचीच घे. एलपीजीच्या जेटचं भोक याला लहान पडतं. ज्योत उड्या मारू लागली तर नळीत पाणी साचलंय असं समज. नळीला शंभरात एकाचा उतार दे, सर्वांत खालच्या जागी पाण्याचा सापळा बसव. उष्टं-खरकटं एकदम ओतलंस तर टाकी आंबते, वायू घटतो. मग भरणी थांबव, थोडी चुन्याची निवळी घाल, दोन-तीन दिवसांनी शेणावरच पुन्हा सुरू कर. फिनेल आणि साबणाचं पाणी आत जाऊ देऊ नकोस. गाईला प्रतिजैविकं चालू असतील तर तिचं शेण तेवढे दिवस उकिरड्यावर. थंडीत वायू कमी होणारच, त्यासाठी एक सिलिंडर घरात असू दे. त्यात कमीपणा नाही.

बाहेर पडणारी मळी उन्हात वाळवू नकोस, नत्र उडून जातं. पाटाच्या पाण्यात सोड, नाहीतर पालापाचोळ्यावर थर देऊन मुरव. युरिया पहिल्याच वर्षी बंद करू नकोस. एका वाफ्यात निम्मा कमी करून पीक बघ.

आता सौर पंप. एका एकराला उन्हाळ्यात ठिबकने दिवसाला 20,000 लिटर धर. 30 मीटर खोलीवरून ते उपसायला साधारण 4 युनिट वीज लागते. 3 किलोवॉटची पॅनेलं चांगल्या उन्हात दिवसाला 12 च्या आसपास देतात. म्हणजे त्यांवर चालणारा 3 अश्वशक्तीचा पंप, थोडी तूट धरून, अडीच एकराला पुरतो. पाणी 60 मीटरवर असेल तर हिशेब निम्म्यावर येतो, आणि विक्रेते नेमकं हेच विचारत नाहीत. बॅटरी घेऊ नकोस, त्या पैशात उंचावर पाण्याची टाकी बांध. पॅनेलवरची धूळ पंधरवड्याला सकाळी धुवायची. तापलेल्या काचेवर गार पाणी नको.

सौर पंपाचा खरा धोका वेगळाच आहे. डिझेल संपलं की माणूस पंप बंद करतो, ऊन असेपर्यंत मात्र कोणी करत नाही. बोअर शेजाऱ्यांच्याच भूजलातून ओढते. तेव्हा पंपाबरोबर पाण्याचा मीटर बसव आणि शेजारच्या चार शेतकऱ्यांशी उपशाच्या पाळ्या आधीच ठरव.

नांगरटीचं डिझेल तूर्त राहू दे. विजेचा ट्रॅक्टर एकट्याच्या चार एकरांवर परवडत नाही, भाड्याने मिळेल तेव्हा बघू. दर मागवण्याआधी मे महिन्यात विहिरीची पातळी मोजून ठेव, आणि शेणाच्या सात दिवसांच्या नोंदी पाठव.