नातेवाइकाची ॲलर्जी पेशंटच्या केसपेपरवर: ठेवायचं की सोडायचं?

डॉक्टर, विट्याहून तुम्ही लिहिलंय की ओपीडीतलं बोलणं ऐकून केसपेपर लिहिणाऱ्या एआयनं नवऱ्याची शुगर बायकोच्या पेपरवर चढवली, कंपनी नुसता तक्रार क्रमांक देतेय, आता हे ठेवावं की सोडावं? मी वडूजला प्रॅक्टिस करतो. हे सगळं भोगून झालंय माझं.

मोबाईल कुठं ठेवायचा, पेशंटची परवानगी कशी घ्यायची, यात शिरत नाही; ते तुम्ही करतच असाल. मूळ दुखणं वेगळं आहे. आपल्याकडे पेशंट एकटा येतो कुठं? सासूबरोबर सून, आजोबांबरोबर नात, आणि प्रश्न कुणालाही विचारा, उत्तर दुसराच देणार. मी वापरलेलं ॲप खोलीत डॉक्टर आणि पेशंट एवढी दोनच माणसं धरून चालायचं. तिसरा बोलला की तेही पेशंटच्याच नावावर.

मला सगळ्यात महागात पडली ती ॲलर्जी. ऱ्हुमॅटिक हार्टची (सांधेतापानं हृदयाची झडप बिघडलेली) एक मुलगी, तो ताप पुन्हा उलटू नये म्हणून दर २१ दिवसांनी बेन्झाथिन पेनिसिलीन, १२ लाख युनिट. कित्येक वर्षं घेतेय, कधी काही झालं नाही. एकदा खोकल्यासाठी आली, सोबत आई. बोलता बोलता आई म्हणाली, "मला नाही बाई चालत ते इंजेक्शन, बाळंतपणात दिलं तेव्हा अंगभर गांधी उठल्या होत्या." ॲपनं मुलीच्या नावावर पेनिसिलीनची ॲलर्जी टाकून दिली. मसुदा मी ओळ न् ओळ वाचूनच सही करतो. पण ॲलर्जी मसुद्यात यायचीच नाही. ती परस्पर वेगळ्या यादीत जायची, आणि सही करताना ती यादी समोर येण्याची सोयच नव्हती.

मुलगी कॉलेजला कऱ्हाडात. तिथल्या एका दवाखान्यात सिस्टरनं तिच्या मोबाईलवरची ॲपमधल्या नोंदींची लिंक उघडली, वरच लाल पट्टी, इंजेक्शनला नकार. सिस्टरला दोष देणार नाही. एरवीसुद्धा हे इंजेक्शन म्हटलं की लोक हात आखडता घेतात, इथं तर लेखी इशारा! पोरीनं घरी सांगितलं नाही, डोस चुकत गेले, आणि दिवाळीला आली ती ताप आणि सुजलेला गुडघा घेऊन. इको (हृदयाची सोनोग्राफी) पुन्हा करावा लागला. झडप आणखी बिघडली नव्हती, एवढंच नशीब.

खरा वैताग पुढेच. कंपनीच्या मदतकेंद्राला कळवलं तर आधी चॅटबॉट, तो मलाच विचारतोय, "तुम्हाला ॲलर्जीची कोणती लक्षणं आहेत?" मग एकदाचा माणूस भेटला: "सर, सही झालेली नोंद २४ तासांनंतर बदलत नाही, पुरवणी जोडा." जोडली. पुरवणी गेली तळाशी, लाल पट्टी होती तिथंच. परत तक्रार केली तर मेसेज आला की तुमची तक्रार सोडवली आहे, कृपया रेटिंग द्या! सही झालेली नोंद गोठवायला माझी हरकत नाही, उद्या कोर्टकचेरी झाली तर तीच कामाला येते. पण ॲलर्जीची यादी म्हणजे त्या दिवसाची नोंद नव्हे. कुणी, कधी, का खोडलं याची खूण ठेवून तिच्यातलं खोडता आलंच पाहिजे. हा फरक तिथल्या एकालाही पटवता आला नाही. शेवटी लेटरहेडवर चार ओळी लिहिल्या, शिक्का मारला, कऱ्हाडला फोन केला. हल्ली तो कागद बघून इंजेक्शन मिळतं.

तर माझं मत (मतच समजा, मी सॉफ्टवेअरवाला नाही की वकील नाही): लिहिणं ठेवा, बाकी बंद करा. ॲलर्जी, चालू औषधं, जुने आजार हे रकाने आपोआप भरायचे नाहीत. तशी सेटिंग नसेल तर ॲप सोडा. निदान सुचवणारी खिडकीही बंद. ऊसतोडीच्या हंगामात पहाटे खोपीतून कुणी पोटदुखी आणि उलट्या घेऊन आला की मी आधी पापण्या खाली पडतायत का बघतो आणि विचारतो, रात्री जमिनीवर झोपला होतास का? मण्यार चावलेली अनेकदा कळतसुद्धा नाही, खूणही दिसत नाही. पेशंट सापाचं नाव काढत नाही, तर नुसतं ऐकणाऱ्या मशीनला साप कुठून सुचणार? माझ्या ॲपनं सुचवलेली निदानांची यादी गॅस्ट्रोपासून सुरू झाली होती. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांतही हेच आहे की एआयनं डॉक्टरला मदत करावी, पेशंटला सल्ला देऊ नये आणि औषध लिहू नये. विकायला येणारा पोरगा एवढं सोडून सगळं सांगतो.

सरसकट नावं ठेवत नाही. छातीचा एक्स-रे वाचून टीबीचा संशय दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये १५ वर्षं आणि त्यापुढच्यांच्या तपासणीसाठी हिरवा कंदील दिला. तिथं काम एकच, समोर फिल्म एकच, आणि पुढं थुंकी तपासायची असतेच.

नवीन ॲप बघणार असाल तर डेमोला कंपौंडरला पेशंट करा, सिस्टरला त्याची आई, आणि दोघांना एकदमच बोलू द्या. सेल्समनचा चेहरा बघण्यासारखा होतो. जुनं सोडण्याआधी सगळा डेटा एक्सेलमध्ये द्या म्हणून ईमेलनं मागा. मला प्रत्येक पेशंटची वेगळी पीडीएफ टेकवली, तीसुद्धा फोटोसारखी, नाव शोधायची सोय नाही. आणि ॲपमध्ये 'रद्द' दाबून थांबू नका, बँकेतला ऑटो-डेबिट स्वतः बंद करा. माझे पैसे त्यानंतरही कापले जात होते.