आधी सुईत दोरा ओवायला सांग

(सदर : विचारा, सांगते. उत्तरं देणाऱ्या बाई सातारा जिल्ह्यातल्या निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहेत.)

प्रश्न : मी डी.एल.एड.च्या (प्राथमिक शिक्षक पदविकेच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रमात स्वयंसेवक झाले आणि वाडीतल्या अकरा बायकांची ॲपवर नोंदणी केली. वर्गाला येतात चार. प्रशिक्षण म्हणून एक बैठक झाली, त्यात बराच वेळ फोटोंतच गेला. एक काकू तर म्हणाल्या, ‘‘माझ्या गोवऱ्या मसणात गेल्या, आता शिकून काय करू?’’ मी शिकवायचं कसं आणि साहित्य कुठून आणायचं?
– एक वाचक, ता. जुन्नर

उत्तर : अगं, चार टिकल्या हे थोडं नाही. १९९२ साली साक्षरता अभियानात माझ्या वर्गाला पहिल्या रात्री बावीस जणी होत्या. आठव्या रात्री कंदील, फळा आणि मी. बायकांना आस्थाच नाही म्हणून मी चिडले होते. मग कळलं, की नळाला पाणी रात्री आठला यायचं आणि मी वर्गही आठलाच ठेवला होता. तेव्हा उरलेल्या सातजणींच्या घरी जा आणि ‘का येत नाही’ असं न विचारता ‘कधी मोकळ्या असता’ एवढंच विचार.

गोवऱ्यांचं बोलणं मनावर घेऊ नकोस. त्या काकूंना सुईत दोरा ओवायला सांग. चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं होतं, पण जिने कधी वाचलंच नाही तिला ते कळणार कसं? ती म्हणते, डोक्यात शिरत नाही. माझ्या वर्गातली एक मावशी पुस्तक हातभर लांब धरायची. लक्ष नाही म्हणून मी तिला चारचौघींत बोलले. एके दिवशी ती नवऱ्याचा चष्मा लावून आली आणि घडाघडा ‘नळ, कमळ, बस’ वाचून मोकळी झाली. त्या बोलण्याची लाज अजून वाटते मला. गावात नेत्रतपासणीचं शिबिर कधी आहे ते आशाताईंना विचार आणि वर्गच घेऊन जा.

पुस्तकांची फार शोधाशोध नको. हा कार्यक्रम गावोगावी शाळेमार्फतच चालतो, म्हणून आधी मुख्याध्यापकांना गाठ. सरकारच्या ‘दीक्षा’ पोर्टलवरही साहित्य असतं, पण ते मोबाइलच्या काचेवर दाखवत बसू नकोस, मोठ्या अक्षरात झेरॉक्स काढ. प्रशिक्षणाचं म्हणशील, तर पहिलीच्या बाईंच्या वर्गात दोन सकाळी मागे बस. लेखणी कशी धरवतात, हात कसा वळवतात ते बघ. बडबडगीतं मात्र तिथंच ठेवून ये, आपल्या विद्यार्थिनी सासवा आहेत.

पहिल्या दिवशी अ-आ-इ काढू नकोस. प्रत्येकीला तिचं नाव लिहून दे. वर्गात एखादी कमल असली तर क, म, ल हाताशी आलेच. त्यांना काना दे : काम, माल, लाल, मामा, काका. तीन अक्षरं आणि एका रेघेत बाई वाचायला लागते. पुढं बचत गटाचं रजिस्टर आण आणि अंगठ्याच्या जागी सही येऊ दे.

बेरीज शिकवायला जाऊ नकोस, बाजारात त्या तुझ्यापेक्षा झटपट हिशेब करतात. अडतं ते आकड्यांपाशी. आपण शिकवतो मराठी आकडे, तर फोनवर आणि गॅसच्या पावतीवर बहुधा इंग्रजी. आपला १ बराचसा इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि ४ इंग्रजी आठसारखा. लेकीला लावलेला फोन भलतीकडेच लागतो! दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहून भिंतीवर लाव.

आणि शेवटची साक्षरता चाचणी झाली की वर्ग मोडू नकोस. आमच्या जिल्ह्यात १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, गावं साक्षर झाली की ग्रामगौरव समारंभ व्हायचे. माझी आई त्याच मोहिमेत शिकली. घरात वाचायला कागद नव्हता. मला कळू लागलं तोवर तिच्याजवळ सही तेवढी उरली होती, तीही चित्र काढावं तशी काढायची. तू आरतीच्या पुस्तकापासून सुरुवात कर. आरती पाठच असते, म्हणून बोट शब्दाखाली सरकवत म्हणायला लाव आणि मध्येच थांबवून विचार, ‘बोट कुठल्या शब्दावर आहे?’ तिथं खरं-खोटं कळतं.

प्रश्न : सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. वर्गाला हौसेनं जातात, पण चाचणीचं नाव काढलं की पोटात गोळा येतो. नापास झाल्या तर?
– एक सून, कराड

उत्तर : तर पुन्हा बसतील, त्यात काय! वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५० गुणांचं, एकूण १५०. आमच्या वेळी १५ ते ३५ वयाचेच मोजायचे, आता १५ च्या पुढं वयाची अटच नाही. केरळच्या कार्त्यायनी अम्मांनी २०१८ साली ९६ व्या वर्षी तिकडच्या साक्षरता परीक्षेत १०० पैकी ९८ गुण मिळवले, हे त्यांना सांगा. चष्मा आणि दोन पेनं बरोबर द्या. आणि त्या सकाळी भाकऱ्या तुम्ही थापा.