कन्सेप्च्युअल फोटो 'कळत नाही' म्हणणाऱ्या नवख्यासाठी

अरे, फोटो बघून काहीच कळलं नाही म्हणून लगेच स्वतःला ढ समजू नकोस. कन्सेप्च्युअल फोटोत, म्हणजे नुसतं दृश्य न दाखवता एखादी कल्पना मांडणाऱ्या फोटोत, अर्थ बऱ्याचदा फ्रेममध्ये जे नाहीये त्यात असतो. फेलिक्स गोन्झालेझ-टोरेस या कलाकाराचा 1991 चा बेडचा फोटो शोध आणि नीट बघ हां, नुसता स्क्रोल नको. चुरगळलेली पांढरी चादर, दोन उशा, दोन्हींवर डोकं टेकल्याचे खळगे, बास. माणूस नाही, रडारड नाही. 1992 मध्ये न्यूयॉर्कमध्ये हाच फोटो 24 होर्डिंगांवर लागला होता, जिथे एरवी जाहिराती असतात तिथे, आणि त्यावर एक शब्दही लिहिलेला नव्हता. आता हे ऐक, त्याचा पार्टनर रॉस 1991 मध्येच एड्सने गेला होता. परत बघ ते खळगे. पोटात कालवलं ना?

म्हणून सांगतो, माहिती नंतर वाच, आधी पाच मिनिटं नुसतं बघ, काय खटकतंय, काय गायब आहे ते, मग वाच आणि पुन्हा बघ. काही कामं दोनदा बघूनही पोकळ वाटतात, तर वाटू देत, सगळंच ग्रेट नसतं.

स्वतः काढशील तेव्हा मुखवटे, धूर, पिंजऱ्यातली मुलगी वगैरे नको, इन्स्टावर ढिगाने पडलंय. वापरलेल्या वस्तूंवरच्या खुणा शोध, कडीजवळचा मळका डाग, झिजलेली चप्पल. फ्लॅश मारू नकोस, खिडकीचा तिरका उजेड घे, खळगे-सुरकुत्या त्यातच उठून दिसतात. आणि प्लीज, टायटल 'एकाकीपण' देऊन पेपर फोडू नकोस.