एनएचएसमध्ये (ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा) नर्स आहे, रिसर्च इंटर्नशिप करायची तर नोकरी सोडावी लागेल का?

नाही हो, मुळीच नाही. इंग्लंडमधल्या अशा इंटर्नशिप बहुतेक नोकरीत राहूनच करतात, पगार चालू असतो, ठरलेले दिवस वॉर्डातून मोकळं करतात आणि त्या दिवसांत तुमच्या जागी दुसरं कोणी लावायचा खर्च बरेचदा फंडिंगमधून निघतो. फक्त नर्सच नाही, मिडवाइफ, फिजिओ, डायटिशियन, रेडिओग्राफर यांनाही मिळते. पैसा बऱ्याचदा एनआयएचआरचा, म्हणजे २००६ पासूनची सरकारी पैशावर चालणारी आरोग्य संशोधन संस्था.

खरी अडचण असते मॅनेजरच्या होकाराची, वॉर्डात आधीच माणसं कमी, म्हणून फॉर्म भरायच्या आधीच त्यांच्याशी बोला आणि ट्रस्टच्या (तुमचं हॉस्पिटल चालवणारी एनएचएसची संस्था) आर अँड डी, म्हणजे संशोधनाचं काम बघणाऱ्या ऑफिसात पण जाऊन या. विषय फार मोठा शोधत बसू नका, रात्री वॉर्डात पेशंटला झोप का लागत नाही हा पण रिसर्चचाच प्रश्न आहे आणि तो तुम्ही रोज बघताय!

नाही मिळाली तर असोसिएट पीआय स्कीम बघा (पीआय म्हणजे प्रिन्सिपल इन्व्हेस्टिगेटर, हॉस्पिटलात त्या स्टडीची जबाबदारी असलेली व्यक्ती), ६ महिन्यांची, चालू स्टडीत काम करतच शिकायचं. जीसीपीचा (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस, म्हणजे माणसांवरचं संशोधन नीट आणि सुरक्षित करायचे नियम) ऑनलाइन कोर्स एनएचएसवाल्यांना फुकट आहे, तो मात्र आत्ताच करून टाका.