एमआरआयपूर्वीचा तो कागद घाईत भरू नका

आईंच्या गुडघ्यात कृत्रिम सांधा आहे, त्या मंगळसूत्र काढायला तयार नाहीत आणि परवाच्या एमआरआयपूर्वी काय काळजी घ्यावी, असे आपण विचारले आहे. मंगळसूत्र काढावेच लागेल. एमआरआयचे यंत्र म्हणजे एक प्रबळ चुंबकच; सोने त्याकडे ओढले जात नसले, तरी त्या यंत्रात धातू तापून त्वचा भाजू शकते. जोडवी, साडीच्या पिना आणि केसांतले आकडे यांनाही हाच नियम लागू आहे. सांध्याच्या शस्त्रक्रियेचे कागद सोबत न्यावेत.

मात्र माझ्या मते याहून महत्त्वाचा आहे तो आत जाण्यापूर्वी भरून घेतला जाणारा प्रश्नांचा कागद. माझ्या वडिलांच्या कमरेचा एमआरआय होता, तेव्हा धाकट्या भावाने बाकावर बसून तो मिनिटभरात भरला आणि 'डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का' यापुढेही 'नाही' लिहिले. बाबांनी भोसरीच्या कारखान्यात सव्वीस वर्षे ग्राइंडरवर काम केले. डोळा लाल करून ते घरी येत आणि आई पदराचा बोळा करून, त्यावर फुंकर मारून तो शेकत बसे; त्याच घरात वाढलेल्या मुलाला हे आठवू नये, याचे मला आजही वाईट वाटते. मी ते 'नाही' खोडले. तंत्रज्ञांनी लगेच थांबून आधी डोळ्यांचा एक्स-रे काढून आणायला सांगितले, कारण दीड टेस्लाचे (टेस्ला हे चुंबकाची ताकद मोजण्याचे एकक) चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींहून अधिक प्रबळ असते आणि डोळ्यात रुतलेला लोखंडी कण त्यात हलला, तर दृष्टी जाऊ शकते. एक्स-रेत काही निघाले नाही, तपासणीला तासभर उशीर झाला आणि 'उगाच पैसे घालवलेस' हे भावाचे म्हणणे अजून संपलेले नाही. कण नव्हता हे एक्स-रे काढल्यावरच कळले ना, एवढेच मी त्याला विचारते.

सोबतच्या माणसांनीही हे लक्षात ठेवावे की तपासणी चालू नसतानाही चुंबक चालूच असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात रुग्णासोबत आलेला एक तरुण ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेला आणि प्राणाला मुकला.

पेसमेकर, मेंदूतील रक्तवाहिनीवर बसवलेली क्लिप किंवा अंगावर त्वचेतून औषध देणारी चिकटपट्टी असल्यास ते आधीच सांगावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास चित्र अधिक स्पष्ट यावे म्हणून देतात त्या कॉन्ट्रास्टच्या इंजेक्शनाविषयी डॉक्टरांना विचारल्याशिवाय होकार देऊ नये. आणि तो कागद आईंना शेजारी बसवून, एकेक प्रश्न वाचून दाखवूनच भरा. पंचवीस वर्षांपूर्वीची एखादी शस्त्रक्रिया त्यांनाच आठवेल.